माऊसच्या चाकाची उलटी चाल

शाळेच्या संगणककक्षात किंवा सार्वजनिक वाचनालयात हा प्रसंग नित्याचा आहे. एखादा विद्यार्थी पडद्यावर लांबलचक मजकूर वाचीत बसलेला असतो. पान खाली सरकविण्यासाठी तो माऊसवरचे चिमुकले चाक तर्जनीने आपल्याकडे फिरवितो. पान चार ओळी खाली जाते, एकाएकी दोन ओळी वर उडी मारते, पुन्हा थोडे खाली उतरते आणि तेथेच थरथरत राहते. चाक जोराने फिरवून पाहिले, माऊस मेजावर दोनदा आपटून पाहिला, तरी चाल सुधारत नाही. अखेरीस तो शिक्षकांना सांगतो की संगणक बिघडला आहे.

संगणक बिघडलेला नसतो. पुष्कळदा माऊसही बिघडलेला नसतो. त्याच्या पोटात कोठेतरी केसाचा तुकडा अडकलेला असतो, किंवा धातूच्या दोन पात्यांवर मळाचा पातळ थर बसलेला असतो. तरीही तो माऊस कपाटातील खोक्यात जाऊन पडतो. जेथे नवा घेण्याची सोय असते तेथे नवा येतो. जेथे नसते तेथे एक संगणक बंद राहतो आणि एका बाकावर दोन मुलांच्या जागी चार मुले बसू लागतात.

ह्या उलट्या चालीचे कारण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. माऊसचा पहिला नमुना १९६४ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट ह्या संस्थेत तयार झाला. कल्पना डग्लस एंगलबार्ट ह्यांची आणि प्रत्यक्ष बांधणी बिल इंग्लिश ह्यांची. ती एक लाकडी डबी होती. तिच्या तळाशी एकमेकांशी काटकोन करणारी दोन धातूची चाके होती. एक आडव्या हालचालीचे माप घेई, दुसरे उभ्या. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्ट ह्यांनी हे साधन विद्वानांच्या सभेपुढे चालवून दाखविले. पुढे तळाच्या दोन चाकांची जागा एका गोळीने घेतली. चाळिशी ओलांडलेल्या वाचकांस ती रबरी आवरणाची जड गोळी आठवत असेल, आणि आतल्या रुळांवर बसलेले मळाचे वेढे नखाने खरवडून काढल्याचेही आठवत असेल. १९९९ नंतर प्रकाशाच्या साहाय्याने मेजाचा पृष्ठभाग ‘पाहणारे’ माऊस सर्वत्र पसरले आणि गोळी नाहीशी झाली.

मात्र तोपर्यंत माऊसच्या पाठीवर नवे चाक आले होते. पान सरकविणारे चाक असलेले माऊस १९९५ च्या सुमारास बाजारात दिसू लागले, आणि १९९६ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ‘इंटेलिमाऊस’ने ते घरोघरी पोचविले. गोळी गेल्यानंतर माऊसमध्ये सतत फिरणारा असा हा एकच भाग उरला. त्याच्यासाठी पाठीवर जी फट ठेवावी लागते ती नेमकी बोटांखाली येते. हाताचा घाम, त्वचेचे सूक्ष्म कण, खडूची भुकटी, डब्यातल्या खाऊचा चुरा हे सारे त्या फटीतून आत उतरते.

चाक फिरले एवढे कळणे सोपे आहे. अवघड प्रश्न निराळाच आहे: ते कोणत्या दिशेने फिरले हे यंत्राला कसे कळावे? ह्यासाठी योजलेली युक्ती फार साधी आहे. चाकाशी जोडलेल्या एका चकतीला कडेने आरांसारख्या फटी असतात. चकतीच्या एका बाजूस अवरक्त किरणांचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा, बारीक दिवा असतो. दुसऱ्या बाजूस दोन प्रकाशग्राही घटक अगदी शेजारी शेजारी, परंतु किंचित पुढेमागे बसविलेले असतात. चकती फिरू लागली की प्रथम दोघेही अंधारात असतात, मग पहिल्यावर प्रकाश पडतो, मग दोघांवर, मग पहिला अंधारात जातो व दुसऱ्यावरच प्रकाश राहतो, आणि शेवटी दोघेही पुन्हा अंधारात जातात. चाक उलट फिरविले तर हाच क्रम उलटा होतो, प्रकाश दुसऱ्यावर आधी पडतो. म्हणजे एक साक्षीदार ‘हालचाल झाली’ एवढेच सांगू शकतो. दोघांपैकी आधी कोण बोलला ह्यावरून दिशा ठरते.

रेल्वेतही हीच युक्ती वापरतात. एखाद्या विभागात गाडीचे किती आस शिरले आणि किती बाहेर पडले हे मोजणारी ‘ॲक्सल काउंटर’ नावाची यंत्रणा भारतीय रेल्वेच्या अनेक मार्गांवर आहे. तिच्या प्रत्येक मोजणीच्या जागी रुळालगत दोन संवेदक जवळजवळ बसविलेले असतात. चाक आधी कोणत्या संवेदकावरून गेले ह्यावरून गाडी आत आली की बाहेर गेली हे ठरते. शंभर टनांहून जड इंजिन आणि बोटाखालचे चाक, दोघांचीही दिशा अशी एकाच रीतीने ओळखली जाते ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.

वर सांगितलेल्या क्रमात आणखी एक मर्म आहे. दर पायरीला दोनांपैकी एकाच साक्षीदाराची स्थिती पालटते, दोघांची एकदम कधीच पालटत नाही. अशा क्रमास बेल प्रयोगशाळेतील फ्रँक ग्रे ह्यांच्या नावावरून ग्रे संकेत म्हणतात. त्यांना त्यासंबंधीचे पेटंट १९५३ साली मिळाले. दोघांची स्थिती एकदम पालटलेली दिसली तर काहीतरी चुकले आहे आणि मधली एक पायरी हुकली आहे, हे माऊसमधील नियंत्रक ओळखू शकतो. पण हुकलेली पायरी पुढची होती की मागची, हे त्याला कोणी सांगावे?

प्रकाशावर चालणारी ही रचना आजही काही माऊसमध्ये आढळते. परंतु स्वस्त आणि महाग अशा दोन्ही प्रकारांत अधिक प्रचार आहे तो यांत्रिक रचनेचा. तिच्यात दिवा नसतो. चाकाच्या आसाचे षट्कोनी टोक एका लहानशा पेटीच्या षट्कोनी भोकात बसते. ह्या पेटीला कारागीर ‘एन्कोडर’ म्हणतात. पेटीच्या आत धातूची नक्षी असलेली चकती फिरते आणि तिच्यावर धातूच्या लवचिक पात्या घासत राहतात. पाती धातूवर आली की विद्युत्प्रवाह सुरू होतो, धातूवरून उतरली की तुटतो. पेटीला तीन पाय असतात: दोन साक्षीदारांचे दोन आणि तिसरा दोघांत सामाईक. चाक फिरविताना बोटाला जी टकटक जाणवते ती ह्याच पेटीतील स्प्रिंगची असते. एका पूर्ण फेरीत सामान्यतः २४ खाचा असतात, म्हणजे दर खाचेला चाक १५ अंशांनी फिरते. विंडोज प्रणालीत एका खाचेचे मोल १ न धरता १२० धरले आहे. पुढेमागे खाचांविना सरकणारी अधिक सूक्ष्म चाके निघाली तर त्यांना खाचेचा अंशही कळविता यावा ही त्यामागची दूरदृष्टी. आणि १२० ला पुष्कळ संख्यांनी निःशेष भाग जातो हे विद्यार्थी स्वतः पडताळून पाहू शकतील.

आता बिघाडाकडे वळू. पेटीतील वंगण काही वर्षांनी घट्ट होते, त्यात धूळ आणि धातूचा झिजलेला कीस मिसळतो, पात्यांवर काळसर थर धरतो. अशा जागी पाती टेकली की प्रवाह सरळ सुरू न होता क्षणभर चालूबंद होत राहतो. पहिल्या साक्षीदाराचे बोलणे एवढ्यानेच लांबले आणि दुसरा त्याच्या आधी बोलून गेला, की क्रम उलटतो. नियंत्रक चाक उलट फिरले असे समजतो आणि पान वर उडी मारते. दोघांपैकी एक अगदीच मुका झाला तर निराळे लक्षण दिसते: उरलेल्याची ‘आहे, नाही’ ही साक्ष पुढचे पाऊल आणि मागचे पाऊल अशी वाचली जाते व पान जागच्या जागी डुलते. नियंत्रक खोटे बोलत नाही. त्याच्या हाती आलेल्या साक्षीचा अर्थ तो बिनचूकच लावतो.

माऊस उघडण्यापूर्वी तो दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावा. तेथे चाक नीट चालले तर दोष माऊसचा नव्हे. बिनतारी माऊस असेल तर आधी नवा सेल घालावा. एवढे करूनही उडी कायम राहिली तर तार काढून, किंवा सेल बाहेर काढून, माऊस पालथा करावा. स्क्रू बहुधा तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली अथवा लेबलाखाली लपविलेले असतात. पट्टी नखाने हलकेच उचलावी, दुमडू देऊ नये. ती वाकडी बसली तर माऊस मेजावर खरखरतो. स्क्रू निघाल्यावरही झाकण प्लॅस्टिकच्या आकड्यांनी धरलेले असते. ते ओढून काढण्याची घाई करू नये, कारण काही माऊसमध्ये वरचा व खालचा भाग जोडणारी तारांची पातळ पट्टी असते आणि ती तुटली तर साफसफाईचे रूपांतर खऱ्या बिघाडात होते. उघडताच आतील मांडणीचे छायाचित्र काढून ठेवावे व स्क्रू वाटीत ठेवावेत. चाकाखालची केसाएवढी स्प्रिंग उडून जाते ती नेमकी ह्याच वेळी.

चाक आसासह उचलून बाहेर घ्यावे. आसाभोवती गुंडाळलेले केस चिमट्याने काढावेत. प्रकाशावर चालणाऱ्या रचनेत एवढ्यानेच, आणि चकतीच्या फटी मऊ कोरड्या ब्रशाने झाडल्याने, काम भागते. चाकाचे रबर चिकट झाले असेल तर ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून पुसावे. काही रबरी मुलामे दमट हवेत आपोआप विघटित होऊन चिकटतात, तेव्हा हा दोष हाताच्या अस्वच्छतेचाच असतो असे नाही. हात स्वच्छ करण्याचे सॅनिटायझर येथे चालत नाही. त्यात बहुधा ग्लिसरीन असते आणि ते मागे राहते. नखपॉलिश काढण्याच्या द्रावातील ॲसिटोन तर प्लॅस्टिकच विरघळविते. अल्कोहोल ज्वालाग्राही आहे, म्हणून काम करताना जवळ ज्योत नसावी.

एका सवयीबद्दल स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूत दोन थेंब तेल सोडण्याची आपल्या घरांतील रीत जुनी आहे, आणि शिलाईयंत्राच्या बाबतीत ती योग्यही आहे. एन्कोडरमध्ये मात्र तेल घातक ठरते. तेल विद्युत्प्रवाह वाहू देत नाही, धूळ धरून ठेवते, आणि खोबरेल तर सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली थिजते. हिवाळ्यातील सकाळी तो माऊस दुपारपेक्षा वाईट चालेल.

यांत्रिक पेटीची शुद्धी करण्याचे दोन मार्ग आहेत. विद्युत्-जोडांसाठी मिळणारा सफाईद्राव पेटीच्या फटीत थोडासा फवारून चाक दोन्ही दिशांनी पन्नाससाठ वेळा फिरवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. हा सोपा मार्ग, पण त्याचे यश पुष्कळदा काही आठवड्यांपुरतेच असते, कारण मळाबरोबर पेटीतील मूळचे वंगणही धुऊन जाते. दुसरा मार्ग नाजूक आहे. पेटीचे धातूचे झाकण ज्या चिमुकल्या जिभांनी मुडपलेले असते त्या हळूच सरळ करून झाकण काढावे, चकती व पात्या अल्कोहोलने पुसाव्यात, आणि पाती दबून सपाट झाली असल्यास सुईच्या टोकाने किंचित वर उचलावी. किंचित म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकीच. अधिक उचलली तर ती चकतीची नक्षी खरवडून काढील.

नक्षीच झिजून गेली असेल तर सफाईचा उपयोग नाही. नवी पेटी अल्प किमतीत मिळते; मात्र जुन्या पेटीतील षट्कोनी भोकाची उंची मोजून तेवढ्याच उंचीची घ्यावी, नाहीतर चाक तिरपे बसते. तिचे तीन पाय डाख, म्हणजे सोल्डर, वितळवून सोडवावे लागतात. कथील व शिशाचा नेहमीच्या वापरातील डाख १८३ अंशांच्या आसपास वितळतो, पण डाखण्याचे टोक त्याहून कितीतरी तप्त असते. तेव्हा शाळेत हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली, उघड्या खिडकीजवळ करावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत. जो माऊस ह्यानंतरही चालत नाही त्याचे सुटे भाग काढून ठेवावेत आणि उरलेला सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावा. भारतात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम लागू झाले आहेत.

माऊस पुन्हा बंद केल्यावर त्याची परीक्षा घ्यावी. लांब मजकूर उघडून पडद्याच्या माथ्यावरची ओळ लक्षात ठेवावी. चाक एकेक खाच मोजीत दहा खाचा आपल्याकडे फिरवावे, मग तितक्याच खाचा पलीकडे. हीच परीक्षा प्रथम अगदी सावकाश आणि नंतर वेगाने करावी, कारण मळलेली पाती बहुधा सावकाश फिरविण्यातच उघडी पडते. दोन्ही वेळा तीच ओळ परत माथ्याशी आली, तर माऊस खोक्यातून काढून बाकावर ठेवण्यास हरकत नाही.