कासाईची उडी

फेब्रुवारी १९७२ मध्ये जपानमधल्या साप्पोरो शहरात हिवाळी ऑलिम्पिक भरले. मियानोमोरीच्या टेकडीवर स्की जंपिंगची सुवर्ण, रौप्य आणि कांस्य ही तिन्ही पदके जपानच्याच खेळाडूंनी नेली. त्यानंतर चारच महिन्यांनी, त्याच होक्काइदो बेटावरच्या शिमोकावा या लहानशा गावात नोरिआकी कासाईचा जन्म झाला. सोळाव्या वर्षी, डिसेंबर १९८८ मध्ये, तो साप्पोरोलाच विश्वचषक मालिकेत पहिल्यांदा उतरला. पुढे १९९२ ते २०१८ अशा सलग आठ हिवाळी ऑलिम्पिक स्पर्धा तो खेळला. सुरुवातीच्या घसरणीपासून जमिनीवर टेकेपर्यंत एक उडी जेमतेम दहा सेकंदांची. तिच्यापायी माणूस तीस वर्षे काय शिकत राहतो, हे कळायला आधी ती उडी नीट पाहावी लागते.

खेळाडू उंच घसरपट्टीच्या माथ्यावर एका आडव्या दांडीवर बसलेला असतो. इशारा मिळाला की तो दांडी सोडतो आणि बर्फात कोरलेल्या दोन खोबणींतून खाली निघतो. हातात काठ्या नसतात. छाती मांड्यांना टेकवून, हात मागे घेऊन तो बसका होतो, कारण हवेचा अडथळा जितका कमी तितका वेग जास्त. मोठ्या टेकडीवर हा वेग ताशी सुमारे ९० किलोमीटरपर्यंत जातो. पट्टीचे टोक वर वळलेले असेल आणि तेच खेळाडूला वर फेकत असेल, असे लांबून पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ते टोक दहा-अकरा अंशांनी खालीच झुकलेले असते. वर उठायचे ते स्वतःच्या पायांच्या जोरावर, आणि त्यासाठी हाताशी असतो सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा. जोर आधी लागला तर तो टोकापाशी पोहोचेपर्यंत संपून जातो. उशिरा लागला तर रेटायला पायाखाली पट्टीच उरलेली नसते.

खरा खेळ यानंतरचा. हवेत गेल्यावर खेळाडू शरीर पुढे झोकून स्कींवर जवळजवळ आडवा होतो. अंगाखालून वाहणारी हवा त्याला उचलून धरते आणि तो खालच्या उताराला समांतर जात राहतो. शंभर मीटरहून लांब जाणारा हा माणूस बहुतेक वेळ जमिनीपासून काही मीटरच वर असतो. पूर्वी दोन्ही स्की एकमेकींना चिकटून समांतर ठेवत. १९८०च्या दशकात यान बोकलोव हा स्वीडिश खेळाडू पुढची टोके फाकवून, इंग्रजी ‘व्ही’सारखा आकार करून उडू लागला. परीक्षकांना ते बेढब वाटे आणि ते त्याचे गुण कापत. पण फाकलेल्या स्कींमधून अंगाला जास्त हवा लागते, उचल वाढते, आणि अंतर इतके मिळते की कापलेले गुण भरून निघतात. १९८८-८९चा विश्वचषक बोकलोवनेच जिंकला. लवकरच सगळेच त्याच्या वाटेने गेले.

कासाई जुन्या शैलीत वाढलेला. लहानपणापासून अंगात मुरलेली सवय मोडून त्याने नवी शैली आत्मसात केली आणि १९९२ मध्ये हाराखोवला तो स्की-फ्लाइंगचा, म्हणजे आणखी मोठ्या टेकडीवरच्या उड्यांचा, विश्वविजेता झाला. स्की खूप फाकवून, चेहरा त्यांच्या टोकांच्या जवळ नेऊन, तळहात पसरून उडणारा कासाई लांबूनही ओळखू येई. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत कठीण विजय हाच होता, कारण तो स्वतःच्याच शरीरावर मिळवलेला होता.

आता गुणांचा हिशेब. प्रत्येक टेकडीवर एक ठरावीक बिंदू असतो. मोठ्या टेकडीवर तिथवर उडी गेली की ६० गुण. त्यापुढे प्रत्येक मीटरला १.८ गुण वाढतात, अलीकडे पडली तर तितकेच कमी होतात. पाच परीक्षक शैलीसाठी प्रत्येकी २० पैकी गुण देतात. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी सोडून उरलेल्या तिघांचे धरतात. जमिनीवर येताना एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, हात पसरलेले, अशी टेलिमार्क पद्धत हवी. ती चुकली की गुण जातात. समोरचा वारा खेळाडूला उचलतो, पाठीचा खाली दाबतो. म्हणून आता वाऱ्याचेही गुण वजा-अधिक होतात, आणि सुरुवातीची दांडी मधेच वर-खाली केली तर त्याचेही.

२०१४ मध्ये सोचीला हा हिशेब कासाईच्या वाट्याला आला. दोन उड्या मिळून त्याचे अंतर पोलंडच्या कामिल स्तोखपेक्षा एक मीटर जास्त भरले. तरी स्तोख १.३ गुणांनी पुढे राहिला. शैली, वारा आणि दांडी यांच्या गुणांनी सुवर्ण तिकडे नेले. ४१ वर्षांच्या कासाईचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, सातव्या ऑलिम्पिकमध्ये मिळालेले.

त्याआधीची वाट सोपी नव्हती. १९९४ मध्ये लिलेहामरला सांघिक सुवर्ण हाती आल्यासारखे असताना जपानची शेवटची उडी ९७.५ मीटरवरच पडली आणि रौप्यावर समाधान मानावे लागले. १९९८ मध्ये नागानोला, आपल्याच देशात, जपानने सांघिक सुवर्ण जिंकले. त्या चौघांत कासाई नव्हता. दरम्यान खेळाचे नियम बदलत राहिले. अंगावरचा सूट किती सैल असावा यावर बंधने आली. हलके शरीर लांब उडते म्हणून खेळाडू धोकादायक रीतीने वजन घटवू लागले, तेव्हा स्कीची लांबी उंचीशी आणि वजनाशी बांधली गेली: उंचीच्या जास्तीत जास्त १४५ टक्के, आणि वजन ठरावीक प्रमाणापेक्षा कमी असेल तर स्की आणखी आखूड. हा नियम मला या खेळातला सर्वांत शहाणा वाटतो. अशा प्रत्येक बदलानंतर टोकावरचा तो क्षण आणि हवेतला तोल पुन्हा जुळवावा लागतो.

२००४ नंतर दहा वर्षे कासाईला विश्वचषकात एकही विजय मिळाला नाही. मग जानेवारी २०१४ मध्ये, सोचीच्या आधी, ऑस्ट्रियातल्या कुल्मला तो जिंकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फिनलंडमधल्या कुसामोला स्वित्झर्लंडच्या सिमोन अमानबरोबर तो संयुक्त विजेता ठरला. तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये, वयाच्या ५१व्या वर्षी, तो साप्पोरोला पुन्हा विश्वचषकात उतरला.