स्वागत समारंभ : आधी स्टेजवरच्या रांगेचा हिशेब

पत्रिकेवर ‘स्वागत समारंभ सायं. ७ ते १०’ असं छापलं, की यजमानांनी पाहुण्यांना वेळेचा शब्द दिलेला असतो. सव्वासातला आलेल्या माणसाला स्टेजवरच्या रिकाम्या सोफ्याकडे बघत बसावं लागलं, तर तो शब्द मोडला. मेन्यूवर घरोघरी महिनाभर चर्चा होते. वेळेचा विचार मात्र आदल्या दिवसावर जातो.

रांगेचं गणित

पाचशे पाहुणे धरू. लोक कुटुंबाने भेटायला येतात, म्हणजे चौघांचे साधारण १२५ गट. एका गटाला अर्धं मिनिट लागलं, तर तासाभरात सगळे भेटून होतात. एक मिनिट लागलं, तर दोन तासांच्या वर. आणि मिनिट सहज जातं. पाकीट देता देता ओळख करून दिली जाते, आत्याबाई म्हणतात, “थांबा हं, हे येतायत,” फोटोग्राफरचा फोटो झाला की कुणीतरी मोबाइल पुढे करतं.

यावर उपाय माणसांचाच आहे. दोन्हीकडची नाती ओळखणारी एक मावशी किंवा चुलतभाऊ पायऱ्यांपाशी उभा करावा. पुढचा गट त्याने तयार ठेवावा. चढायची बाजू एक, उतरायची दुसरी. आहेराची पाकिटं वधूवरांच्या हातात न राहता लगेच शेजारच्या करवलीकडे जावीत.

गुडघे धरलेल्या आजी-आजोबांना रांगेत उभं करणं मला अजिबात पटत नाही. वधूवरांनी सातला आल्या आल्या आधी खाली, पहिल्या ओळीत जाऊन त्यांना नमस्कार करावा. दहा मिनिटं जातात, पण त्या दहा मिनिटांसाठीच ती मंडळी आलेली असतात.

दुपार ते संध्याकाळ

मुहूर्त दुपारी साडेबाराचा असेल, तर अक्षता पडल्यावर होम, सप्तपदी, जेवणं यांत चार वाजतात. साडी बदलणं, केस, मेकअप यांना दीड तास लागतोच. म्हणून नवरी साडेचारला खोलीत पोचलीच पाहिजे, आणि तिथे तिला चहा-खाणं मिळालं पाहिजे. घरच्यांचे ग्रुप फोटो सहा ते सात उरकावेत. कोण कुणाबरोबर उभं राहणार याची यादी आधीच करावी. हेच फोटो साडेसातला सुरू झाले, की समोरची रांग तिथेच अडते.

जेवण

बुफे साडेसातला उघडावा. निम्मे लोक आधी जेवले, की स्टेजवरची गर्दी आपोआप विभागते. पंगतीचा हिशेब वेगळा : बसण्यापासून पानं उचलून पुन्हा मांडेपर्यंत पाऊण तास धरा. दोनशेची पंगत असेल, तर पाचशे माणसांना तीन पंगती, म्हणजे सव्वादोन तास. वधूवरांचं पान साडेनऊला मांडायचं, हे केटररला आधीच सांगून ठेवावं.

सत्कार

मान्यवरांच्या सत्कारासाठी मुहूर्त पुढे ढकलण्याची पद्धत अनेक ठिकाणी रुजली आहे. ती थांबायला हवी. सत्कार करायचेच, तर संध्याकाळी, पाहुणे बसले असतील तिथे जाऊन करावेत.

रात्रीचे दहा

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही. लॉनवर समारंभ असेल, तर गाणी आणि उखाणे साडेनऊपर्यंत आटोपावेत. बंद सभागृहाला यातून सवलत आहे, पण कार्यालय कधी रिकामं करून द्यायचं ते ठरलेलं असतं. मुदतीनंतर जादा भाडं लागतं का, हे बुकिंगच्या वेळीच विचारावं.

वेळांचा कागद

हे सगळं एका पानावर लिहून व्यवस्थापक, केटरर, फोटोग्राफर आणि मेकअपवाली यांना दोन दिवस आधी द्यावं. खाली एकच मोबाइल नंबर असावा, आणि तो वधूपित्याचा नसावा. मुलीची पाठवणी करायची आहे त्यांना. आइस्क्रीम कधी काढायचं, हे त्या संध्याकाळी त्यांना कुणी विचारू नये.