आधी खडक, मग घर

इयन मॅकहार्ग १९५४ साली फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवायला आले, तेव्हा लँडस्केप आर्किटेक्ट म्हणजे घर उभं राहिल्यावर भोवती झाडं लावून देणारा माणूस. १९८६ पर्यंत मॅकहार्ग तिथले विभागप्रमुख होते. त्या तीन दशकांत त्यांनी हा क्रमच उलटा केला.

जन्म १९२० चा, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा. एका अंगाला ग्लासगोचा धूर, दुसऱ्या अंगाला शेतं नि डोंगर. दोन्हीकडे पायी भटकलेला हा मुलगा. वर्गात त्यांनी विद्यार्थ्यांना आधी खडक वाचायला लावला. मग पाणी, माती, झाडं, प्राणी आणि शेवटी माणूस. ते शिकवायला भूगर्भशास्त्रज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ, पुढे मानववंशशास्त्रज्ञही विभागात आणले. त्यांचं सगळ्यात मोठं काम मला हेच वाटतं.

पुस्तक आलं १९६९ मध्ये, 'डिझाइन विथ नेचर'. त्यात न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या महामार्गाचा अभ्यास आहे. चढउतार, पूर, जंगल, ऐतिहासिक जागा, वस्ती, प्रत्येकासाठी एक पारदर्शक कागद. जिथे मोल जास्त तिथे रंग गडद. सगळे कागद एकावर एक ठेवले की जो पट्टा फिका दिसेल, तिथून रस्ता न्यायचा. जंगलाचा गडदपणा आणि वस्तीचा गडदपणा एकाच मापाने कसा मोजायचा, ही टीका रास्तच आहे. पण त्याआधी हिशेबात खर्च आणि वेग असायचा. जंगलाचा कागदच नसायचा. आपल्याकडे २०११ मध्ये माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचे सुमारे नऊ-नऊ किलोमीटरचे चौकोन पाडून त्यांची संवेदनशीलता ठरवली, ती रीत याच कुळातली.

ह्यूस्टनजवळचं 'द वुडलंड्स' हे नवं गाव मात्र कागदावर राहिलं नाही. सत्तरच्या दशकात तिथल्या पाइनच्या रानात मॅकहार्ग यांच्या चमूने घरं चिकणमातीवर ठेवली आणि पाणी पिणारी रेताड जमीन मोकळी सोडली. सिमेंटच्या गटारांऐवजी गवताचे उथळ चर. १९७९ च्या अतिवृष्टीत आजूबाजूला पाणी भरलं, इथे फारसं नुकसान झालं नाही. पुढच्या वस्त्या बांधताना मात्र ते चर सोडून नेहमीचे नळ आणि गटारं घालण्यात आली.