मुळांवरच्या गाठी

दिवाळीच्या तोंडावर लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लागते. बोलणे चालते ते ओलाव्याचे, काडीकचऱ्याचे आणि भावाचे. त्या पोत्यांतून शेताचे किती नत्र बाहेर गेले, हे मात्र कोणी विचारत नाही. हिशेब अवघड नाही. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र. म्हणजे १० क्विंटल सोयाबीन विकले की ६४ किलोच्या आसपास नत्र विकले गेले. हेक्टरी २० क्विंटल उतारा पडला तर १२८ किलो. शिफारशीप्रमाणे पेरताना आपण देतो हेक्टरी ३० किलो. उरलेले आले कुठून?

काही जमिनीने दिले. मोठा वाटा हवेतला. तो पिकाच्या हाती दिला मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंनी.

पीक चाळीसएक दिवसांचे झाले की एक झाड खुरप्याने मातीच्या ढेकळासकट काढून पाहावे. हिसडून उपटले तर गाठी मातीतच राहतात. मुळे बादलीभर पाण्यात अलगद हलवली की ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसू लागतात. बोट लावताच त्या सुटून येतात. सूत्रकृमीची गाठ अशी सुटत नाही, ती मुळाचाच सुजलेला भाग असते. गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी-लाल रंग दिसला, तर कारखाना चालू आहे असे समजावे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या द्रव्याचा. नत्र बांधणारे विकर प्राणवायूने निकामी होते, म्हणून गाठीत प्राणवायू मोजूनमापून पोचवण्याचे काम हे द्रव्य करते. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट निघाली, तर ती तिथे असूनही काम करत नाही.

अशा गाठींतला जिवाणू नेदरलँड्सचे शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी १८८८ साली वेगळा काढला. आपल्या भागासाठी त्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. सोयाबीन हे मराठवाड्याचे जुने पीक नव्हे. इथला खरीप ज्वारी, मूग, उडीद, तूर आणि कापसाचा होता. तुरीच्या मुळांवर गाठी धरणारे जिवाणू या काळ्या रानात पिढ्यान्‌पिढ्या होते. सोयाबीनला लागणारा ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम नव्हता. पिकाबरोबर त्याचा जिवाणूही आणावा लागला. आज वर्षानुवर्षे सोयाबीन घेतलेल्या रानात तो थोडाफार टिकून असतो, त्यामुळे तिथे बीजप्रक्रियेचा, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला जिवाणू लावण्याचा, फरक नव्या रानाइतका ठळक दिसत नाही. तरीही ती करावी असे माझे मत आहे. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या, भेगाळलेल्या जमिनीत जिवाणूंची संख्या घटते आणि खर्चही किरकोळच असतो.

अडचण आहे ती जिवंतपणाची. जिवाणू खते २००६ साली खत नियंत्रण आदेशाखाली आली. भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी आणि द्रवरूप खताच्या एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत पेशी हव्यात, असा निकष आहे. पण पत्र्याच्या दुकानात उन्हाळाभर तापलेल्या पाकिटात त्यातल्या किती उरल्या, हे लेबलावरून कळत नाही. पुढची चूक पेरणीच्या घाईत होते. बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच घमेल्यात कालवले जातात. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि पेरणीच्या तोंडावर जिवाणू, हा क्रम पाळलाच पाहिजे. सोयाबीनची साल नाजूक. बियाणे रगडून चोळले तर उगवणच बसते.

स्फुरदाचे दुखणे वेगळे. लातूर-नांदेडच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत दिलेल्या स्फुरदाचा बराच भाग चुन्याशी जखडून बसतो. पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून त्यातला काही सोडवतात. ते नवे स्फुरद तयार करत नाहीत, आपण पैसे मोजून टाकलेलेच पिकाला मिळवून देतात. हे विकताना सहसा सांगितले जात नाही आणि शेतकऱ्याच्या अपेक्षा भलत्याच वाढतात.

हरभऱ्याच्या मर रोगाशी ज्यांची गाठ पडली आहे, त्यांना ट्रायकोडर्मा ठाऊक असते. मर रोगाची फ्युजेरियम बुरशी हरभरा नसलेल्या रानातही पाच-सहा वर्षे तग धरते. एकदा ती मुळात शिरली की वरून कितीही फवारा, हाती काही लागत नाही. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी बियाण्याभोवती आधी जागा धरते, शत्रूबुरशीच्या तंतूंना वेढून त्यांना खाते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने उपयुक्त बुरशी आणि जिवाणू एकत्र करून ‘बायोमिक्स’ तयार केले आहे. हळदीच्या कंदकुजीसाठी हळद उत्पादक ते वापरतात. अर्धापूर भागातल्या हळदीत पावसाळ्यात जिथे पाणी साचते, तिथेच कंदकूज पहिल्यांदा दिसते, म्हणून निचरा आधी आणि बायोमिक्स नंतर.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती सेंद्रिय कर्बाची, कारण तेच जिवाणूंचे खाद्य. गोठ्यात जनावर आणायचे आणि वैरण ठेवायची नाही, तसे आपण या जिवाणूंचे करतो. बैल गेले, शेणखत गेले. मळणीनंतर सोयाबीनचे भुसकट पेटवले जाते, उसाचे पाचटही जळते. एक हेक्टर खोडव्याच्या पाचटावर ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो कुजवणारे जिवाणू संवर्धक पसरले की तेच पाचट खत होते. ही शिफारस जुनी आहे. ती पाळली जात नाही, याला मजुरांची टंचाई हे खरे कारण आहे आणि त्यावर शासनाने पाचट कुट्टी यंत्रे गावोगाव भाड्याने मिळण्याची सोय करायला हवी.

आता रब्बी तोंडावर आहे. हरभऱ्याला हरभऱ्याचेच रायझोबियम घ्या, सोयाबीनचे उरलेले पाकीट त्याला चालत नाही. अंतिम तारीख पाहा, बियाणे सावलीत सुकवा. चार तासे मुद्दाम बिनप्रक्रियेची पेरून तिथे खूण करा आणि चाळीस दिवसांनी दोन्हीकडची झाडे खुरप्याने काढून गाठी फोडून पाहा. पुढच्या वर्षी पाकीट घ्यायचे की नाही, ते दुकानदाराच्या शब्दावर नव्हे, त्या गाठींवरून ठरवा.