दोन आजारी पेशी, एकच बशी

फिल्टर पेपरवर लघवीचा थेंब वाळवायचा, कागद टोल्युडीन ब्लूमध्ये बुडवायचा आणि धुवायचा. जांभळा डाग राहिला, तर आम्ही लॅबवाले सावध होतो. लांब साखळीच्या साखरा, म्हणजे म्युकोपॉलिसॅकराइड, लघवीतून प्रमाणाबाहेर जात असल्याची ती खूण. पक्कं निदान पुढे रक्तातल्या एन्झाइमच्या तपासणीत होतं. बाहेर बाकावर बसलेल्या मुलाचं नाक बसकं असतं, बोटं आखडलेली असतात, यकृत आणि प्लीहा वाढून पोट पुढे आलेलं असतं. "जन्मला तेव्हा अगदी चांगला होता हो मॅडम," असं आई सांगते. ते खरंच असतं. साठत गेलेला माल दिसायला वेळ लागतो.

पेशीतलं लायसोसोम म्हणजे भंगारवाला: जुना माल घ्यायचा, तोडायचा, सुटे भाग परत वापरात द्यायचे. बेल्जियमच्या ख्रिश्चन द दूव यांनी १९५५ मध्ये ते ओळखलं. तोडायची हत्यारं म्हणजे एन्झाइम. त्यांतलं एक जन्मतः नसलं, की त्याच्या वाट्याचा माल पडून राहतो. असे पन्नासच्या आसपास आजार आहेत.

हे सगळं आज मी सहज लिहितेय. एलिझाबेथ न्यूफेल्ड १९६३ मध्ये अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत आल्या तेव्हा अशा साखळ्या साठण्याच्या हर्लर आणि हंटर या आजारांचं मूळ कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंचा अभ्यास वनस्पतींमधल्या साखरांचा. जन्म पॅरिसचा, १९४० मध्ये कुटुंब अमेरिकेला पळालेलं. वैद्यकाशी संबंध जेमतेमच, आणि मला वाटतं ते बरंच झालं.

या मुलांच्या पेशी साखळ्या जास्त बनवत असतील, असा पहिला तर्क होता. मुलांच्या त्वचेच्या पेशी बशीत वाढवून त्यांना साखळ्यांची खूण म्हणून किरणोत्सारी सल्फेट दिलं. निरोगी पेशींत ते काही काळ वाढून स्थिरावलं, आजारी पेशींत चढतच गेलं. मग साधं माध्यम घातलं. निरोगी पेशींनी साठा भराभर संपवला, आजारी पेशी तो धरून बसल्या. म्हणजे बनवण्यात खोट नव्हती, मोडण्यात होती.

त्यानंतर जोसेफ फ्रातांतोनी आणि क्लारा हॉल यांच्यासोबत त्यांनी १९६८ मध्ये 'सायन्स'मध्ये छापलेला निबंध मी नव्या मुलींना वाचायलाच लावते. हर्लरच्या आणि हंटरच्या पेशी एकाच बशीत वाढवल्या, तर दोन्ही सुधारल्या! पेशींनी एकमेकींना चिकटायचीही गरज नव्हती. एकीचं वापरलेलं माध्यम दुसरीला पुरत होतं. एक पेशी काहीतरी बाहेर सोडते आणि दुसरी ते उचलून लायसोसोमपर्यंत नेते. हे 'काहीतरी' म्हणजे दुसरीत नसलेलं एन्झाइम, हे पुढच्या काही वर्षांत सिद्ध झालं.

यातून निदानाचीही सोय झाली. दोन रुग्णांच्या पेशींनी एकमेकींना सुधारलं नाही, तर दोष एकच. १९७० मध्ये अशीच एक चकित करणारी जोडी निघाली. शाय नावाच्या आजाराचे रुग्ण शाबूत बुद्धीने प्रौढ होतात, हर्लरची मुलं उपचाराविना बालपणीच जातात. पण दोघांच्या पेशी एकमेकींच्या काहीच कामी आल्या नाहीत. नसलेलं एन्झाइम एकच होतं, फरक फक्त दोषाच्या तीव्रतेचा.

पेशी बाहेरचं एन्झाइम आत घेत असेल, तर शिरेतून का देऊ नये? विचारायला सोपं. हर्लरचं एन्झाइम औषध म्हणून अमेरिकेत मंजूर व्हायला २००३ उजाडलं, हंटरचं २००६ मध्ये आलं. हर्लरच्या औषधाचा पाया घालणारे एमिल काकिस हे न्यूफेल्ड यांच्याच, पुढे लॉस एंजेलिसला असलेल्या, प्रयोगशाळेत काम केलेले. या औषधाने यकृत-प्लीहा उतरतात, चालणं आणि श्वास सुधारतो. पण शिरेतून दिलेलं हे एन्झाइम रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून हर्लरच्या तीव्र रूपात, मूल लहान असतानाच, अस्थिमज्जा किंवा मूळपेशींचं प्रत्यारोपण करतात. तत्त्व तेच: दात्याच्या काही पेशी मेंदूत जाऊन बसतात आणि शेजारणींना एन्झाइम पुरवतात.

आपल्याकडे २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणाखाली मुंबईच्या केईएमसारख्या नेमलेल्या केंद्रांतून उपचारांसाठी ५० लाखांपर्यंत मदत मिळते. पालक ऐकतात तेव्हा रक्कम मोठी वाटते. पण सलाइन दर आठवड्याला, जन्मभर लावायचं असतं आणि डोस वजनावर ठरतो. इतर आयांप्रमाणे बाकावरच्या आईलाही पोराचं वजन वाढलेलं हवंच असतं. फक्त दर वाढत्या किलोला औषधाचं बिलही वाढतं.