कल्याण कॅम्प : निर्वासितपण संपते केव्हा?

कल्याणहून अंबरनाथ-बदलापूरकडे जाणारी गाडी विठ्ठलवाडी सोडून उल्हासनगरला थांबते. स्थानकाबाहेर रिक्षावाला आजही ‘कॅम्प तीन की चार?’ असेच विचारतो. दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर, टपालाच्या पत्त्यांवर हे क्रमांक आजतागायत टिकून आहेत. मात्र हे कॅम्प कोणाचे व कशाचे, असे वर्गात विचारले तर डोंबिवलीचे निम्मे विद्यार्थी गप्प बसतात. जगातील निर्वासितांच्या प्रश्नावर वर्तमानपत्रांतून रकाने भरून येत असताना स्वतःच्या जिल्ह्यातील एवढे मोठे उदाहरण आपण विसरावे, हे नवलच म्हटले पाहिजे.

अर्थशास्त्रात स्थलांतराचा विचार बहुधा मजुरीतील तफावतीच्या अंगाने केला जातो. रत्नागिरी-साताऱ्याहून माणूस डोंबिवलीच्या चाळीत आला आणि त्याचा नातू पुढे अमेरिकेत गेला, तो चार पैसे अधिक मिळतील या हिशेबाने. परतीची वाट दोघांनाही मोकळी होती. गणपतीला गावी जाता येत होते. निर्वासिताला हा हिशेब मांडण्याची सवडच मिळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या गणनेप्रमाणे २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख लोक सक्तीने विस्थापित झालेले होते. त्यांतील निम्म्याहून अधिक स्वतःच्याच देशाच्या हद्दीत भटकत आहेत आणि सीमा ओलांडलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश शेजारच्या देशातच थांबले आहेत. सारे जग युरोप-अमेरिकेच्या दारावर लोटले आहे, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

सिंधी समाजाची गोष्ट याहूनही विलक्षण होती. पंजाब व बंगाल यांची फाळणी झाली, निदान अर्धा प्रांत तरी भारतात राहिला. सिंध मात्र अखंडपणे पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी निर्वासिताला सीमेच्या अलीकडे स्वतःचे म्हणता येईल असे एक गावही उरले नाही. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि जे थांबून पाहू म्हणत होते त्यांचाही धीर सुटला. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता, कराची-मुंबई जलमार्ग परिचयाचा होता. साहजिकच बोटी मुंबईच्या धक्क्याला लागल्या. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात उभारलेली लष्करी छावणी रिकामी पडली होती. तिच्या बराकींत एक लाखाच्या आसपास माणसे आणून ठेवण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी येथे कोनशिला बसविली आणि उल्हास नदीवरून वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले.

लांबलचक बराकींत मध्ये गोणपाट किंवा जुनी साडी बांधून एकेका कुटुंबाची खोली होई. सिंधमध्ये दुकान, सावकारी किंवा सरकारी कारकुनी केलेल्या माणसांची बायकामुले येथे पापड लाटू लागली, गोळ्या-बिस्किटे घेऊन लोकलच्या डब्यांतून फिरू लागली. नफा कमी ठेवून माल झपाट्याने खपवायचा, हे त्यांच्या व्यापाराचे सूत्र येथील प्रस्थापित दुकानदारांना जाचले. ‘निर्वासित’ हा शब्द आपल्या आळीत शिवीसारखा वापरला जाई, हे प्रस्तुत लेखकाने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. पुढे ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद आपण चवीने सांगितला आणि फर्निचर व कापड मात्र स्वस्त म्हणून तेथूनच आणले!

या यशाचे सारे श्रेय ‘सिंधी रक्ता’ला देण्याची एक प्रथा आहे. ती मला मान्य नाही. उद्योगशीलता होतीच, परंतु तिला वाव कशामुळे मिळाला? राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्यांना सरळ नागरिक मानले आणि नंतर आलेल्यांना नोंदणीची वाट दिली. काम करण्याची, दुकान मांडण्याची, मत देण्याची मुभा मिळाली. १९५४ च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेच्या दाव्यांची, अपुरी का होईना, भरपाई देण्याची सोय केली. जगातील अनेक छावण्यांत निर्वासिताला शिधा मिळतो, परंतु रोजगाराचा हक्क मिळत नाही. अशा ठिकाणी दुसरी-तिसरी पिढीही रांगेतच उभी राहते. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९४३ पासून तेथे पोलंडचे सुमारे पाच हजार लोक राहिले, सन्मानाने राहिले, पण पाहुणे म्हणून. युद्धानंतर ते पांगले. त्याच जागी आलेल्या सिंधी नागरिकांनी गांधीनगरची कापडपेठ उभी केली.

अर्थात चित्राची दुसरी बाजूही आहे. नियोजनाला धाब्यावर बसवून वाढलेल्या या शहरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ मध्ये राज्याला केवळ उल्हासनगरपुरता कायदा करावा लागला. वालधुनी नदीचे काय झाले, हे पुलावरून जाताना नाकाला कळते. त्याच महायुद्धात धावपट्टीसाठी नेवाळीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून जून २०१७ मध्ये कल्याण-मलंगगड रस्त्यावर जाळपोळ झाली. या भूमिपुत्रांना कोणी निर्वासित म्हटले नाही आणि त्यांच्यासाठी पुनर्वसन खातेही उघडले नाही.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे आश्रयासाठी स्वतंत्र कायदाही नाही. तिबेटी, श्रीलंकेतील तमिळ, रोहिंग्या यांच्याशी आपण वेगवेगळ्या मापांनी वागत आलो. पाकिस्तानातून अलीकडे आलेले सिंधी हिंदू उल्हासनगरात दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षानुवर्षे राहिले; २०१९ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांचा मार्ग सुकर केला, पण तो धर्म आणि देश पाहून. संकटाची तीव्रता पाहणारा कायदा अधिक न्याय्य ठरला असता, असे माझे मत आहे.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीने आजीची पेटी उघडून पाहिली. आत अरबी वळणाच्या सिंधी लिपीतली काही पत्रे होती. घरात ती कोणालाच वाचता येईनात. आईवडील देवनागरी शिकलेले, मुलगी इंग्रजी माध्यमाची. सिंधी भाषेला १९६७ मध्ये आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले, एवढे मी तिला सांगू शकलो. पत्रे वाचणारा एक वृद्ध गृहस्थ कॅम्प पाचमध्ये आहे असे कळल्यावरून ती आता रविवारी तिकडे जाणार आहे.