बोगदा दिसला, डोंगर नाही

अर्धांगवायूच्या पेशंटचा रिपोर्ट हातात पडला की नातेवाईक पहिल्यांदा विचारतात, "ब्लॉकेज किती टक्के आहे?" प्रश्न रास्तच आहे. पण हा टक्का सांगतो तो रक्ताची वाट किती अरुंद झाली एवढंच. धमनीच्या भिंतीत साठलेला चरबीचा थर, म्हणजे प्लाक, शांत आहे की धुमसतो आहे, हे त्यातून कळत नाही. मेंदूच्या धमन्यांचे फोटो काढायला लागून शंभरेक वर्षं होत आली. त्यातला बहुतेक काळ आपण बोगदा बघत होतो, डोंगर नाही.

सुरुवात लिस्बनची. २८ जून १९२७ रोजी तिथले मेंदूविकारतज्ज्ञ एगास मोनिझ यांना जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्या एक्स-रेच्या फिल्मवर पहिल्यांदा नीट उमटवता आल्या. गाउटने त्यांचे हात वाकडे झाले होते, त्यामुळे सुईचं काम तरुण सहकारी अल्मेदा लिमा यांच्याकडे. धमन्या फिल्मवर दिसाव्यात म्हणून आधी टोचलेल्या स्ट्रॉन्शियम ब्रोमाइडने एक रुग्ण दगावला होता, म्हणून सोडियम आयोडाइड आलं. मोनिझ शोधत होते मेंदूतल्या गाठी. गाठीने धमनी बाजूला ढकलली आहे का, एवढंच त्यांना बघायचं होतं. मानेतली धमनी बंद झाल्याची उदाहरणं त्यांनी मांडली ती १९३७ मध्ये. दरम्यान थोरोट्रास्ट हे टोचायचं नवं द्रव्य आलं. चित्रं सुरेख यायची, पण त्यातलं किरणोत्सारी थोरियम यकृतात मुक्काम ठोकायचं आणि काही दशकांनी कॅन्सर होऊन उगवायचं. अशी तपासणी दर सहा महिन्यांनी कोण करणार?

१९७१ मध्ये लंडनला सीटी स्कॅन आला. मेंदूचा कुठला भाग मेला, रक्तस्राव आहे का, हे कळू लागलं. धमनीतला थर मात्र दिसेना. वारंवार लक्ष ठेवण्याची खरी सोय केली रुने आसलिड यांनी, १९८२ मध्ये. कानशिलाचं हाड पातळ असतं, तिथून आवाजाच्या लहरी आत सोडून त्यांनी रक्ताचा वेग मोजला. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात उडतं, तसंच अरुंद जागी रक्त वेगाने धावतं. ना किरण, ना सुई. पण वयस्कर बायकांत अनेकदा हाडातून लहरी जातच नाहीत. आणि कळतो तो वेगच.

टक्केवारीचा दरारा कळसाला पोचला तो स्टेंटच्या काळात. वाट अरुंद आहे ना, मग जाळी घालून रुंद करू! अमेरिकेतल्या सॅम्प्रिस चाचणीत मेंदूतल्या धमनीत ७० ते ९९ टक्के अडथळा असलेले ४५१ रुग्ण घेतले होते. २०११ मध्ये निकाल आले: महिन्याभरात झटका किंवा मृत्यू स्टेंटच्या गटात १४.७ टक्के, तर औषधं आणि कडक पथ्यावर ठेवलेल्यांत ५.८ टक्के. नवी भरती आधीच थांबवावी लागली होती. माझ्या मते टक्क्याची मक्तेदारी इथे मोडली.

हृदयाच्या धमन्यांत थर आधी बाहेरच्या बाजूला फुगतो आणि वाट बराच काळ शाबूत राहते, हे सेमूर ग्लॅगव्ह यांनी १९८७ मध्येच दाखवलं होतं. मेंदूच्या बाबतीत ते जिवंतपणी बघायला थ्री टेस्ला, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या, एमआरआयची वाट पाहावी लागली. यात वाहतं रक्त मुद्दाम काळं केलं जातं, म्हणजे भिंत उठून दिसते. गॅडोलिनियम हे चित्रात उजळणारं द्रव्य टोचलं की धुमसणारा थर उजळतो. सूज सर्व बाजूंनी सारखी असेल तर दाहाचा संशय, एकाच बाजूला असेल तर बहुधा प्लाक. अडचण आकाराची आहे: मेंदूतल्या मुख्य धमनीचा व्यास जेमतेम तीनेक मिलिमीटर, निरोगी भिंत त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी. पेशंटने गिळलं तरी चित्र हलतं. शिवाय इथला तुकडा काढून तपासता येत नाही. खातरजमा होते ती शवविच्छेदनातूनच.

मेंदूच्या आतल्या धमन्यांचा हा आजार आशियाई लोकांत जास्त आढळतो, तेव्हा नवं कामही बरंचसं चीन-कोरियातून यावं यात नवल नाही. २०२० मध्ये कोरियातल्या अभ्यासात झटका येऊन गेलेल्यांना स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाचा, मोठा डोस दिला. सहा महिन्यांनी उजळलेला भाग आक्रसला होता. तुलनेला दुसरा गट नव्हता, हे खरं. पण असल्या रुग्णांना स्टॅटिन न देता नुसतं बघत बसायला कोण धजेल?

आता काही ठिकाणी डॉक्टर दोन फिल्म शेजारी लावतात, आधीची आणि सहा महिन्यांनंतरची. कोपऱ्यातला पांढरा ठिपका लहान झालेला असतो. खुर्चीतून प्रश्न येतो, "ते ठीक, पण टक्के किती?"